वेनेराच्या घराची तुळई

आमच्याकडे माणसाला दोन नावं असतात. एक चर्चच्या नोंदवहीतलं आणि दुसरं गावानं ठेवलेलं. माझ्या मामाचं वहीतलं नाव फिलादेल्फो कावाल्लारो, जवळच्यांसाठी देल्फो. गावानं ठेवलेलं नाव 'परवा'. तो सुतार होता, आणि हात असा की त्यानं बसवलेली दारं आजही कास्तान्येत्तात कुरकुर न करता उघडमीट करतात. पण त्याला नीट मिस्त्री म्हणणारे थोडे. "परवा, खिडकी बघायला कधी येतोस? उद्या की परवा?" असं दारातून विचारायचं आणि हसायचं, ही गावाची रीत. मामा हसत नसे, चिडतही नसे. हत्यारांची पेटी खांद्यावर टाकून निघायचा.

हे नाव पडलं एकोणीसशे अठ्ठावीस सालच्या नोव्हेंबरात. तेव्हा माझा जन्म झाला नव्हता; जे सांगते ते आईच्या तोंडून ऐकलेलं.

आजोबांचं घर त्या वेळी खाली, मास्काली गावाच्या वरच्या टोकाला होतं. आजोबाही सुतारच. एटना ज्वालामुखीची सगळी फुटणी त्यांना तोंडपाठ होती. आमच्यात तिला कोणी एटना म्हणत नाही, 'ती' म्हणतात. ती आज गप्प आहे, तिनं धूर सोडलाय, असं. अठराशे ब्याण्णव साली ती सहा महिने ओकत होती, एकोणीसशे दहा साली महिनाभर, अकरा साली उत्तरेच्या उतारावर, तेवीस साली लिंग्वाग्लोस्साच्या रानात. एवढ्या सगळ्यातून आजोबांनी एकच धडा घेतला होता. ते म्हणायचे, "ती चोर नाही. दार ठोठावते, आवरायला वेळ देते, मग आत येते."

त्या नोव्हेंबरात ती खालच्या अंगाला फुटली. गावात पळापळ सुरू झाली तेव्हा आजोबांनी तेवीस वर्षांच्या मामाला वर बघायला पाठवलं. मामा रानातून दोन तास चढून गेला, लाव्हा पाहिला आणि परत आला. घरासमोर आजूबाजूची चार कुटुंबं जमली होती. मामा म्हणाला, "सावकाश येतोय. तोंडात चिलीम धरून माणूस पुढं चालेल एवढा सावकाश. परवापर्यंत काही येत नाही."

त्यानं पाहिलं ते खोटं नव्हतं. रानात लाव्हा खरंच रांगत होता. पण रानाच्या खाली ओढ्याचं कोरडं पात्र होतं, सरळ आमच्या दारापर्यंत उतरणारं, आणि त्या पात्रात शिरल्यावर लाव्हा कसा धावेल याचा विचार ना मामानं केला, ना आजोबांनी. चार कुटुंबांनी जेवणं केली, निवांत बांधाबांध करू म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी लाव्हा अंगणात होता. आजीचा पलंग, एक खेचर आणि अंगावरचे कपडे, एवढं निघालं. आजोबांचं चाळीस वर्षांचं दुकान, रंधे, करवती, पटाशा, सुकत ठेवलेलं अक्रोडाचं लाकूड, सगळं आत राहिलं. शेजारच्यांचंही तसंच. मास्कालीतल्या इतर लोकांनी आदल्याच दिवशी घरांची दारं, खिडक्या, कौलंसुद्धा काढून गाड्यांवर लादली होती. वाचवायला जे हाती लागेल ते वाचवलं होतं. या पाच घरांनी मात्र परवाची वाट पाहिली.

आजी-आजोबा, मामा आणि माझी आई चालत वर कास्तान्येत्ताला आले. डोंगराच्या जास्त जवळ, पण एका उंचवट्याच्या आडोशाला वसलेलं गाव. लाव्हा आजवर त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेलेला. तिथं सान्ताकाकू नावाच्या विधवा बाईनं त्यांना आपल्या द्राक्षं तुडवायच्या खोलीवरचा माळा राहायला दिला. ना ओळख, ना नातं. काकू म्हणाल्या, "वर या. गवत कोरडं आहे. आणि रडायचं असेल तर खाली चुलीजवळ बसून रडा, वर थंडी आहे." आजी त्याच माळ्यावर मार्च महिन्यात गेली. शेवटपर्यंत सान्ताकाकूंनी तिला भरवलं, तिचे केस विंचरले. काकूंची मुलगी वेनेरा तेव्हा सोळा वर्षांची होती. तिनं आजीसाठी रोज ओढ्यावरून पाणी आणलं.

हे मामा कधी विसरला नाही. तो विसरला असता तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं.

मामानं लग्न केलं नाही. कास्तान्येत्तातच दुकान टाकलं. वेनेराचं लग्न ओरात्सिओ नावाच्या द्राक्षमळेवाल्याशी झालं आणि तो घरजावई म्हणून तिथंच राहिला. दोन मुलं झाली. सान्ताकाकू गेल्या. त्या घरात खिळा ठोकायचा असला तरी मामा जायचा आणि जेवून यायचा. वेनेरा तोंडाची तिखट. "परवा, जेवायला आज बसतोस की परवा?" असं तीही विचारायची, पण ताट आधी वाढलेलं असायचं.

ते घर गावातलं सगळ्यांत वरचं. दगडी, जाड भिंतींचं, मागं द्राक्षं तुडवायची मोठी खोली. त्या खोलीवरून आणि घरावरून एकच तुळई गेलेली होती, चेस्टनटच्या एकाच झाडाची, बारा पावलं लांब. वेनेराच्या पणजोबांनी ती वीस माणसं लावून चढवली होती, आणि मग तिच्याभोवती भिंती पुऱ्या केल्या होत्या. मामा म्हणायचा, हल्ली एवढं झाड कुणाच्या रानात उरलेलं नाही.

पन्नास सालच्या नोव्हेंबरच्या शेवटी ती पुन्हा फुटली. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. पहिले काही दिवस लाव्हा लांब, दरीत होता. मग डिसेंबरात त्याची एक जीभ आमच्या उंचवट्याकडे वळली. मामा रोज वर जायचा. चेस्टनटच्या खुंट्या करून नेल्या होत्या. लाव्ह्याच्या तोंडापासून पाच पावलांवर एक खुंटी ठोकायची आणि ती गिळायला त्याला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहायचं. या वेळी तो डोळ्यांवर विसंबणार नव्हता.

एका सोमवारी तो सकाळीच वेनेराच्या घरी गेला. मीही बरोबर होते, आईनं चीज पोचवायला दिलं होतं.

मामा दारातच म्हणाला, "घर उतरवायला घ्या. आजच. तासाला सात पावलं येतोय. चारशे पावलं राहिलीत."

ओरात्सिओ पाव कापत होता. सुरी तशीच हातात धरून त्यानं वेनेराकडे पाहिलं.

वेनेरा म्हणाली, "उतरवायला म्हणजे?"

"कौलं, वासे, दारं, चौकटी. सगळं. लाकूड वाचलं तर घर दुसरीकडे उभं राहतं. माझ्या बापाचं का राहिलं नाही, ते ठाऊक आहे ना तुला?"

"आणि नाही आला तर?"

"येईल."

"तू सांगतोस म्हणून? अख्ख्या गावात एकच माणूस, ज्याचा अंदाज चुकला म्हणून नाव पडलं, त्याच्या सांगण्यावरून मी घराचं डोकं उघडं करू?"

मामा शांतपणे म्हणाला, "तेव्हा मी थांबा म्हणालो होतो, वेनेरा."

"तेच म्हणते. तेव्हा थांबा म्हणून चुकलास, म्हणून आता पळा म्हणतोयस. तुझी तेव्हाची चूक माझ्या घरावर नको भरून काढू."

मामाचा चेहरा उतरला, पण तो हटला नाही. त्यानं खुंट्यांचा हिशेब सांगितला, वाऱ्याचा, उताराचा. शेवटी म्हणाला, "माझी आई या घरात मेली. हे घर मी त्याच्या तोंडात जाऊ देणार नाही." ओरात्सिओ उठला आणि म्हणाला, "शिडी आण."

गावातल्या आणखी दोन घरांनी मामाचं ऐकलं, पण त्यांनी फक्त कौलं आणि दारं काढली. बाकीच्यांनी संतांच्या मूर्ती बाहेर आणून लाव्ह्याकडे तोंड करून ठेवल्या आणि वाट पाहिली. वेनेराच्या घरी मात्र दहा माणसं दोन दिवस राबली. मामानं एकेका कौलावर खडूनं आकडे घातले, वाशांवर खुणा केल्या, दारांच्या बिजागऱ्या फडक्यांत बांधल्या. मंगळवारी संध्याकाळी घरावर फक्त ती तुळई उरली होती.

बुधवारी ती दोरांनी खाली उतरवली. भिंतीचा कोपरा फोडावा लागला. अंगणात आली, पण अंगणातून गल्लीत वळेना. गल्ली अरुंद, दोन्हीकडे दगडी कुंपणं. एक कुंपण पाडायचं म्हटलं तर अर्धा दिवस, आणि मामाच्या हिशेबानं अर्धा दिवस नव्हता.

आता एक गोष्ट सांगते, जी मी मामाला कधी सांगितली नाही. त्या दुपारी मी त्याच्यासाठी उकडलेले चेस्टनट आणि पाव घेऊन वर गेले होते, तो खुंट्यांजवळ असेल असं समजून. तो तिथं नव्हता, तुळईपाशी होता. मी शेवटची खुंटी पाहिली. सकाळी दहाला ठोकलेली, त्यावर त्यानं पेन्सिलीनं वेळ लिहिली होती. दुपारचा एक वाजला होता आणि खुंटी आणि लाव्हा यांच्यात पाच पावलं जशीच्या तशी होती. दोन पुरुष उंचीचा तो काळा ढिगारा उभा होता, वरून मधूनच एखादा दगड खापरी फुटल्यासारखा आवाज करत घरंगळायचा, पण पुढं सरकत नव्हता. जवळच्या अंजिराची पानं करपली होती, तरी झाड उभं होतं. मला वाटलं, थांबलाय की काय. मग वाटलं, आपल्याला काय कळतं, मामा रोज बघतो. लाव्हा थांबतो आणि पुन्हा चालतो, हे तोच सांगायचा. मी खाली आले, त्याला जेवण दिलं आणि काही बोलले नाही.

तीनच्या सुमाराला मामा म्हणाला, "कापू या."

ओरात्सिओ म्हणाला, "मधोमध?"

"सहा-सहा पावलांचे दोन तुकडे. दुसरीकडे लहान घर होईल त्यावर."

दोन माणसांची करवत होती. एका टोकाला मामा, दुसऱ्या टोकाला ओरात्सिओ. जुनं चेस्टनट दगडासारखं झालेलं असतं. पाऊण तास लागला. वेनेरा दारात, म्हणजे जिथं दार असायचं तिथं, उभी होती. तुकडा पडला तेव्हा आत वळली, आणि आत वर आभाळ होतं.

गुरुवारी सकाळी मामा वर गेला तेव्हा खुंटी तिथंच होती. दुपारी तिथंच. शुक्रवारी तिथंच. डोंगरावर दुसरीकडे नवं तोंड फुटून सगळा लाव्हा शेजारच्या दरीत वळला होता. आमच्याकडची जीभ तिथल्या तिथं विझली, वेनेराच्या मागच्या भिंतीपासून साठ पावलांवर. मी स्वतः मोजली.

रविवारी घंटा वाजल्या, संतांची मिरवणूक निघाली, लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. ज्या दोन घरांनी कौलं काढली होती त्यांनी ती आठवड्यात परत चढवली आणि हसून विषय सोडला. वेनेराचं कुटुंब चर्चच्या मागच्या खोलीत गाद्या टाकून राहिलं. मामानं पहिल्या दिवशीपासून घर परत उभारायला घेतलं, पण तुळईवाचून वासे कशावर ठेवणार? दोन तुकडे लोखंडी पट्ट्यांनी जोडून पाहिले, वजन पेलवेना. जानेवारीत पाऊस लागला, मग बर्फ. भिंती दगडी होत्या, पण आतलं बांधकाम मातीचं. छप्पर नसलं की माती पाणी पिते. स्वयंपाकघराची भिंत पोटुशी बाईसारखी फुगली आणि एका सकाळी बसली. द्राक्षांच्या टाक्या गाळानं भरल्या.

मामानं त्यांना आपलं घर देऊ केलं. मी दुकानात राहीन, म्हणाला. वेनेरानं तिथल्या तिथं त्याला उत्तर दिलं. "उपकार फेडतोयस? फेडून झाले की."

ते वाक्य मी ऐकलं. मामानंही ऐकलं, आणि माझ्या मते त्यानंतर मरेपर्यंत रोज ऐकलं.

त्याच काळात गावानं त्याला परवा म्हणणं सोडलं. कुणी ठरवलं नव्हतं. दारातून हाक यायची ती 'मिस्त्री' अशी यायला लागली, हळू आवाजात, घरात आजारी माणूस असल्यासारखी.

मामा रानारानांतून हिंडला आणि शेवटी वरच्या उतारावर त्याला एक झाड सापडलं. मालकाला कितीतरी वेळा विनवून ते मिळवलं, पाडलं, तासलं. पण ओलं लाकूड चढवलं तर वळतं.

ओरात्सिओला तो म्हणाला, "तीन वर्षं सुकायला लागतील. मग आधीसारखं घर करून देतो. शब्द आहे माझा."

ओरात्सिओ भला माणूस. तो म्हणाला, "देल्फो, तीन वर्षं पोरं कुठं झोपतील?"

त्याचा भाऊ ऑस्ट्रेलियात उसाच्या मुलखात होता. त्यानं बोलावलं. बावन्न सालच्या फेब्रुवारीत ते गेले. जार्रेच्या स्टेशनवर आम्ही पोचवायला गेलो. मुलं नव्या बुटांत अवघडली होती. गाडी यायच्या आधी मामा वेनेराजवळ जाऊन उभा राहिला. त्याला माफी मागायची होती, हे सगळ्यांना दिसत होतं, आणि शब्द फुटत नव्हता.

वेनेराच म्हणाली, "तू वाईट मनानं केलं नाहीस, ते मला कळतं. पण कळणं वेगळं, देल्फो. मला आत्ता तुझ्या तोंडाकडे बघवत नाही. नंतर बघवेल की नाही, सांगता येत नाही."

मामानं मान हलवली. गाडी गेली.

त्रेपन्न साली मी आमच्या टपाल कचेरीत लागले. मामाला सही येत होती, पत्र लिहिता येत नव्हतं. तो दुपारी, गर्दी नसताना यायचा आणि खिडकीशी उभा राहून सांगायचा, मी लिहायचे. "लिही, लाकूड चांगलं सुकतंय. एक चीर गेलीय, पण टोकाला." पुढच्या वर्षी: "लिही, स्वयंपाकघराची भिंत बांधली. या वेळी चुन्यात." पंचावन्न सालच्या ऑक्टोबरात: "लिही, तुळई चढली. कौलं सगळी आकड्याप्रमाणे बसली, सतरा फुटली होती ती नवी घातली. आता कधीही या."

मी विचारलं, "मामा, कधीही या काय? समुद्र ओलांडून यायचंय."

"तू लिही."

या तुळईची बांधणी त्यानं निराळी केली होती. खिळा नाही, भिंतीत गाडणं नाही. चेस्टनटच्या पाचरांवर बसवलेली. पाचरा ठोकून काढल्या की चार माणसं अर्ध्या दिवसात ती सबंध उतरवतील. आणि गल्लीच्या तोंडाचं कुंपण त्यानं मालकाला विनवून दोन पावलं मागं घेतलं होतं. हे त्यानं मला पत्रात लिहायला सांगितलं नाही.

उत्तर पाच महिन्यांनी आलं, वेनेराच्या हातचं. मी ते त्याला वाचून दाखवलं. लिहिलं होतं की घर झालं हे ऐकून बरं वाटलं. मुलगी आता तिकडच्या भाषेत स्वप्नं बघते, झोपेत बडबडते ती कळत नाही. मुलगा शाळेत पहिला आला. परत येणं आता होणार नाही. 'इथं घराला पत्रा आहे. पाऊस आला की काही ऐकू येत नाही. ओरात्सिओ पावसात बाहेर जाऊन बसतो. तू घराबद्दल लिहीत जाऊ नकोस, तो वाचतो आणि मग दोन दिवस बोलत नाही.'

मामानं पत्र घडी घालून खिशात ठेवलं. मग घराबद्दल लिहायचं नाही म्हटल्यावर लिहायला काही उरलं नाही. तरी दर शनिवारी तो त्या घराच्या खिडक्या उघडायचा, झाडायचा, संध्याकाळी लावून घ्यायचा. मालक नसलेलं घर इतकं नीटनेटकं मी दुसरं पाहिलं नाही. बासष्ट साली काळ्या किनारीचं पाकीट आलं. ओरात्सिओ उसाच्या शेतातच छातीत कळ येऊन गेला होता, एक्कावन्न वर्षांचा. त्या दिवशी मामानं दुकान उघडलं नाही.

एकाहत्तर सालच्या वसंतात ती पुन्हा फुटली आणि मे महिन्यात लाव्हा आमच्या दिशेनं यायला लागला. मामा सहासष्ट वर्षांचा होता. गावात आता नव्या पिढीची माणसं होती, पण जुन्यांनी त्यांना सांगितलेलं की खुंट्या लावून मोजणारा एक मिस्त्री आहे. चौघं-पाचजण दुकानात आले.

"मिस्त्री, काय करायचं? थांबेल की येईल?"

मामा रंधा मारत होता. म्हणाला, "मला विचारू नका."

"पण तुमच्याइतकं कुणी बघितलेलं नाही."

"म्हणूनच सांगतोय. मला विचारू नका."

सेबास्तियानो नावाचा गवंडी होता, मामाचा शागीर्द राहिलेला. त्याला त्या तुळईची बांधणी ठाऊक होती. तो मला घेऊन वेनेराच्या घरी आला. मामा तिथं पायरीवर बसला होता. वरच्या बाजूला झाडं पेटल्याचा वास येत होता.

सेबास्तियानो म्हणाला, "चार माणसं आणलीत. संध्याकाळपर्यंत उतरवतो. पाचराच तर आहेत."

"हात लावायचा नाही."

"मिस्त्री, दीडशे पावलांवर आलाय तो."

"साठ पावलांवर येऊनसुद्धा थांबला होता," मामा म्हणाला. "एकदा मी हे घर मोडलं. पुन्हा नाही मोडणार."

मी म्हटलं, "मामा, या वेळी वेगळं आहे. तू स्वतःच अशी बांधणी केलीस ना? कशासाठी केलीस?"

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला माझं म्हणणं पटलं होतं, हे मला दिसलं. पण तो पायरीवरून उठला नाही, आणि त्याला ओढून बाजूला करायचा आम्हाला धीर झाला नाही.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला लाव्हा मागच्या भिंतीला लागला. सरकारी माणसांनी आम्हाला गल्लीच्या टोकाशी उभं केलं होतं. आधी द्राक्षांची खोली गेली. मग भिंत सावकाश आत झुकली, आणि लाव्हा टेकायच्या आधीच नुसत्या धगीनं तुळई पेटली. छप्पर अख्खंच्या अख्खं खाली बसलं, आकडे घातलेल्या कौलांसकट. मामा टोपी हातात घेऊन उभा होता. अर्ध्या तासानं म्हणाला, "मला वाटलं थांबेल." एवढंच. गावातली आणखी काही शेतं गेली, पण राहती घरं वाचली. गेलं ते हे एकच.

चौऱ्याहत्तर सालच्या सप्टेंबरात वेनेरा आली. मुलीनं तिला विमानाचं तिकीट काढून दिलं होतं. बासष्ट वर्षांची, केस आखूड कापलेले, हातात मोठी चामड्याची पिशवी. माझ्याकडे उतरली. घर गेल्याचं मी तिला कळवलं होतं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "चल, मिस्त्रीला बोलाव. दाखवू दे मला."

मामा कोट घालून आला. बावीस वर्षांनी दोघं समोरासमोर आले आणि त्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले. मग आम्ही तिघं वर गेलो. गल्ली जिथं संपते तिथून पुढं सगळं काळं, खडबडीत, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच. खाली काय होतं ते सांगितल्याशिवाय कळलं नसतं.

वेनेरानं विचारलं, "स्वयंपाकघर कुठं येतं?"

मामानं हातानं दाखवलं. "तिथं. चूल त्या टेंगळाच्या खाली."

ती बराच वेळ तिकडे बघत होती. मग मामाकडे वळली. तिचा आवाज मऊ होता. एवढ्या लांबून ती हेच बोलायला आली असावी.

"म्हणजे जायचंच होतं की ते, देल्फो. तू तेव्हा हात लावला नसतास तरी गेलंच असतं. मग इतकी वर्षं का जाळून घेतलंस स्वतःला?"

मामा काय म्हणणार आहे ते मला कळलं आणि त्यानं ते म्हणू नये असं मला फार वाटलं.

"वीस वर्षं राहिलं असतं," तो म्हणाला. "वीस वर्षं आणि पाच महिने. पोरं इथं मोठी झाली असती. ओरात्सिओ इथं गेला असता, केव्हा जायचा तेव्हा."

त्यानं मोजून ठेवलं होतं, आणि ते खरं होतं. ती त्याला म्हणू शकली असती की मी माफ केलं. मला वाटतं, म्हणायलाच आली होती. पण वीस वर्षं हा शब्द निघाल्यावर तिला ओरात्सिओ आठवला असणार, पावसात बाहेर बसलेला. ती म्हणाली, "चला, ऊन वाढलं." उतरताना तिनं मामाचा दंड धरला होता, पाय घसरू नये म्हणून. कुणाचा, ते सांगता येणार नाही.

ती तीन आठवडे राहिली, चुलत बहिणी-मैत्रिणींकडे जेवली, बाजारातून मुलीसाठी लेसचं कापड घेतलं आणि परत गेली. मामाकडे दोनदा कॉफी प्यायला गेली. बोलायला काय बोलले कुणास ठाऊक. मी गेले तेव्हा दोघं हवेबद्दल बोलत होते.

मामा अठ्ठ्याहत्तर सालच्या थंडीत गेला, झोपेत. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये लाव्हा पुन्हा गावाच्या तोंडाशी आला. लोक माझ्या दारात उभे राहून विचारत होते की मिस्त्रींनी काही लिहून ठेवलंय का, काही नियम, काही खूण. मी त्यांना सांगितलं, काही नाही. ते खरंच होतं. त्यांनी काय करायचं ते आपापलं ठरवलं; काहींनी सामान हलवलं, काही तिथंच बसून राहिले. मी दारं-खिडक्या लावल्या, पिशवी भरून ठेवली, आणि दोन दिवस ती उचलायची की नाही हे मला ठरवता आलं नाही.